भरतकामाला चुण्या का पडतात? मशीन सुरू करण्याआधीची तयारी

आजचा भाग मशीन एम्ब्रॉयडरीवर आहे. डिझाइन कुठून घ्यायचं आणि दोऱ्याचे रंग कसे जुळवायचे हे आज नाही. मशीनचं बटण दाबायच्या आधीचा जो अर्धा तास असतो ना, आज फक्त त्याबद्दल बोलायचं. ऐकताना किंवा वाचताना हातात एखादं कापड घेऊन बसा. रुमाल चालेल, ओढणी चालेल, जुना टी-शर्ट असेल तर फारच छान. मध्ये मध्ये तो ओढून बघायला सांगणार आहे.

सटाण्यात माझ्याकडे मुख्यतः दोन प्रकारचं काम येतं. लग्नसराईत ब्लाउज, आणि मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा जवळ आली की मंडळांचे टी-शर्ट. दोन्ही कापडं एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाची. पण दोन्हींबद्दल प्रश्न मात्र एकच येतो: "ताई, डिझाइन मोबाइलवर इतकं सुंदर दिसतं, मग कापडावर आल्यावर बाजूला चुण्या का पडतात?"

मशीन खराब आहे का? बहुतेक वेळा नाही. डिझाइन खराब आहे का? कधी कधी. पण बहुतेक वेळा कापडाला नीट आधार दिलेला नसतो. आणि यात पणाला काय लागलेलं असतं, तेही बघा. आधाराचा कागद काही रुपयांचा. समोरचं कापड गिऱ्हाइकाचं. पैठणीचा ब्लाउजपीस साडीबरोबरच विणलेला असतो, त्याच रेशमाचा, त्याच रंगाचा. त्यावर सुईची भोकं पडली की पडली. रेशमावरची भोकं बुजत नाहीत, आणि तसा दुसरा तुकडा बाजारात मिळत नाही.

टाका म्हणजे ओढ

मशीनचा एक टाका म्हणजे दोन दोऱ्यांची गाठभेट. वरून सुईचा दोरा येतो, खालून बॉबिनचा. दोघेही ताणलेले असतात. टाका बसला की दोघं मिळून कापडाला थोडंसं आत ओढतात. एका टाक्याची ओढ डोळ्यांना दिसतही नाही. पण टाका एकच कुठे असतो?

जरा हिशोब करू. पाच सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद असा एक भरीव चौकोन भरायचा आहे. भरावाच्या ओळी साधारण ०.४ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे पाच सेंटिमीटरमध्ये १२५ ओळी. प्रत्येक ओळ पाच सेंटिमीटरची, म्हणजे झाले ६२५ सेंटिमीटर, सव्वासहा मीटर. एक टाका चार मिलिमीटरचा धरला तर दीड हजाराहून जास्त टाके. म्हणजे बिस्किटाएवढ्या जागेत तुम्ही सव्वासहा मीटर दोरा कोंबताय आणि दीड हजार भोकं पाडताय. खालचा बॉबिनचा दोरा वेगळाच.

आता हे सगळे टाके एकाच दिशेने असतील तर काय होईल? टाक्यांच्या दिशेने कापड आत ओढलं जाईल, आणि त्याच्या आडव्या दिशेने भराव थोडा बाहेर पसरेल. म्हणून स्क्रीनवरचा गोल कापडावर अंड्यासारखा होतो. भराव आणि त्याची बाहेरची रेघ यांच्यात फट दिसते. आणि आजूबाजूचं मोकळं कापड ओढलं गेलं की चुण्या.

ही ओढ बंद करता येत नाही. ओढ नसेल तर टाकाच बसणार नाही, तो सैल लोंबेल. मग करायचं काय? ओढ सहन करायला कापडाला जोडीदार द्यायचा. तोच आधार. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. दुकानात बॅकिंग पेपर म्हणा, एम्ब्रॉयडरी पेपर म्हणा, म्हणजे कळेल.

मागावर कापड कोण धरतं?

आपल्याच जिल्ह्यात येवला आहे. पैठणी विणताना कधी बघितली असेल तर आठवा. पदरावरचा मोर वरून भरलेला नसतो, विणतानाच रंगीत आडवे धागे एकमेकांत अडकवून तो तयार होतो. आणि हे सगळं चालू असताना उभे धागे मागावर ताठ धरलेले असतात. शेवटचा धागा बसेपर्यंत माग ते सोडत नाही. म्हणून नक्षी सपाट बसते.

एम्ब्रॉयडरीत उलटं आहे. कापड मागावरून कधीच उतरलंय, ढिलं झालंय, घडी पडून दुकानात राहिलंय. आता त्याच्या अंगात आपण नवे हजारो धागे घुसवतोय. त्याला धरणारा माग आता नाही. मग तो माग आपण तात्पुरता उभा करतो, रिंग आणि कागद मिळून.

आणखी एक गोष्ट. जुने कारागीर साध्या शिलाई मशीनवर लाकडी रिंग हाताने फिरवून भरतकाम करायचे, अजूनही करतात. त्यांच्या बोटांना कळतं की कापड इथे ओढतंय. ते लगेच हात सैल करतात, रिंग वळवतात, टाका लांबवतात. कॉम्प्युटर मशीनला बोटं नाहीत. घरगुती मशीनसुद्धा मिनिटाला चारशे, सहाशे, आठशे टाके मारतं. कापड सरकलं तरी ते ठरलेल्या जागीच सुई टाकणार. कारागिराचा हात काम चालू असताना जे सावरायचा, ते आपल्याला आधीच करून ठेवावं लागतं. मशीनची तयारी म्हणजे एवढंच.

आधी कापड ओळखा

आता हातातलं कापड घ्या. तीन दिशांना ओढा: उभं, आडवं आणि तिरपं. तिरप्याला आपल्याकडे शिंपी उरेब म्हणतात. सुती रुमाल उभा-आडवा फारसा ताणत नाही, पण उरेबमध्ये लगेच लांबतो. टी-शर्ट सगळीकडून ताणतो, कारण तो विणलेला नाही, स्वेटरसारखा फासे घालून गुंफलेला असतो. म्हणजे काय, तर रुमालावर डिझाइन सरळ बसवलं तर अर्धी लढाई जिंकली. टी-शर्टवर कुठल्याही दिशेने बसवा, तो हलणारच.

दुसरं, कापड उजेडाकडे धरा. आरपार दिसतंय? मग आतला कागदही बाहेरून दिसणार. पांढऱ्या जॉर्जेटमागे जाड पांढरा कागद राहिला तर अंगावर घातल्यावर चौकोनी सावली दिसते.

तिसरं, कापडावर हात फिरवा. मखमल, टॉवेल, लोकर, म्हणजे वर रोम असलेलं कापड असेल तर टाके रोमात बुडतात. अशा कापडाला खालून आधार लागतोच, शिवाय वरूनही एक पातळ पडदा लागतो.

धुणं, खळ आणि इस्त्री

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा जवळजवळ आटत नाही. मग होतं काय, तुम्ही काम सपाट देता, गिऱ्हाईक खुश होऊन जातं, आणि आठ दिवसांनी फोन येतो: "धुतल्यावर कसंतरी झालं." भराव तेवढाच राहिला, भोवतालचं कापड लहान झालं. म्हणून सुती, खादी, लिनन असलं की आधी धुऊन वाळवून घ्या. गिऱ्हाइकालाच धुऊन आणायला सांगितलं तरी चालेल.

इथे एक फसवी गोष्ट आहे, खळ. विणताना धागे तुटू नयेत म्हणून मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावतात. मालेगाव आपल्या शेजारीच, यंत्रमागाचं गाव. तिथलं कोरं कापड हातात घेतलं की कडक लागतं. नव्या कापडाचा तो ताठपणा बघून वाटतं, याला कशाला हवा कागद? पण तो कापडाचा स्वतःचा ताठपणा नव्हे. धुतल्यावर खळ जाते आणि खरं कापड समोर येतं. कापड निवडायचं ते धुतल्यानंतरचं बघून.

रेशमाला हा नियम लावू नका. पैठणी, सिल्क, जरीचं काही असेल तर पाणी लावायचं नाही. पाण्याचे थेंबसुद्धा रेशमावर डाग ठेवतात. त्यावर सुती कापड टाकून, कोरड्या आणि मध्यम इस्त्रीने फक्त घड्या काढा.

कोणता कागद?

प्रकार पुष्कळ आहेत, पण मुळात चारच लक्षात ठेवा.

पहिला, फाडून काढायचा. काम झालं की बाजूचा फाडून टाकता येतो. घट्ट विणीच्या, न ताणणाऱ्या कापडाला: शर्टिंग, डेनिम, पिशवी, पडदा. फाडताना डाव्या हाताचा अंगठा टाक्यांवर दाबून ठेवा. झटका दिला तर कडेचे टाके सुटतात.

दुसरा, कापून काढायचा. हा फाटत नाही. डिझाइनच्या बाहेरचा कात्रीने कापायचा, आतला कायम राहतो. ताणणाऱ्या कापडाला हाच. कारण टी-शर्ट काही रिंगमधून काढल्यावर ताणायचा थांबत नाही. अंगात घालताना ताणतो, धुताना ताणतो, पिळताना ताणतो. आधार काढून टाकला तर ती सगळी ओढ टाक्यांवर येते. सोपा नियम: कापड आयुष्यभर ताणणार असेल तर आधारही आयुष्यभर हवा.

तिसरा, पाण्यात विरघळणारा. जाळी, नेट, ऑर्गंझा यांना, कारण मागे काहीच दिसायला नको असतं. याचाच पातळ, प्लास्टिकसारखा प्रकार टॉवेल आणि मखमलीवर वरून टाकतात, म्हणजे टाके रोमात बुडत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात हा पातळ प्रकार कडकडीत होऊन तुटतो आणि पावसाळ्यात चिकट होतो. झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा.

चौथा, इस्त्रीने चिकटणारा. खूप ताणणाऱ्या किंवा सरकणाऱ्या कापडाला चिकटवला की ते तात्पुरतं शहाणं होतं. पातळ रेशमावर मात्र आधी कडेला लावून बघा, गोंद पुढच्या बाजूला उमटू शकतो.

पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. साध्या शर्टिंगला चाळीस-पन्नासचा फाडायचा कागद पुरतो. टी-शर्टला साठ ते ऐंशीचा कापायचा. पण फक्त कापड बघून ठरवू नका, टाके किती आहेत तेही बघा. एकाच कापडावर नाजूक वेल असेल तर पातळ कागद चालेल, आणि भरीव सिंह असेल तर तोच कागद हात टेकेल.

कॉलरचं बुक्रम वापरलं तर? ब्लाउज पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि अंगाला टोचतो. वर्तमानपत्र? शाई लागते, आणि दीड हजार भोकांमध्ये कागदाचा चुरा होऊन आधार मध्येच संपतो. सरावाला चालेल, गिऱ्हाइकाच्या कापडाला नाही.

आता एक गंमत सांगते. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमध्ये इझाक ग्रोब्ली नावाच्या माणसाने १८६३ मध्ये शिफली नावाचं एम्ब्रॉयडरी मशीन काढलं. पुढे १८८० च्या दशकात त्या भागात आणि जर्मनीत सॅक्सनीमध्ये एक युक्ती निघाली: मशीनने कापडावर भरायचं आणि मग रसायनाने ते कापडच नाहीसं करायचं. उरते फक्त दोऱ्याची लेस. म्हणजे तिथे कापड हाच तात्पुरता आधार! पण लक्षात घ्या, त्या डिझाइनमधला प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यात अडकवलेला असायचा, म्हणून ते उभं राहायचं. आपल्या साध्या डिझाइनमध्ये टाके एकमेकांना असे धरत नाहीत. त्यांना धरायला मागे काहीतरी लागतंच.

रिंगमध्ये बसवणं आणि बांगडीची परीक्षा

बरेच व्हिडिओ सांगतात, कापड ढोलासारखं ताठ हवं. अर्धं बरोबर आहे. कागद ताठ हवा. कापड सपाट हवं. ताणलेलं नको. ताणलेल्या कापडावर भरलं, तर रिंगमध्ये असेपर्यंत सगळं सुंदर दिसतं. रिंग काढली की कापड मूळ मापावर येतं, टाके येत नाहीत. चुण्या तिथेच जन्मतात.

हे कसं ओळखायचं? घरात बांगडी आहे ना? कापड टेबलावर मोकळं पसरा, त्यावर बांगडी ठेवून खडूने गोल काढा. मग कापड रिंगमध्ये बसवा आणि बांगडी पुन्हा त्या गोलावर ठेवा. रेघ बांगडीबरोबर जुळली तर छान. रेघ बाहेर आली, गोल लांबट झाला, तर कापड ताणलंय. काढा, परत बसवा. खडू आधी कडेला लावून तो निघतो का बघून घ्या, एवढंच.

बसवताना रिंगचा स्क्रू आधीच कापडाच्या जाडीइतका घट्ट करून ठेवा. कापड आणि कागद एकत्र ठेवून आतली रिंग एकदाच सरळ दाबा. दाबल्यावर कडा धरून ओढायचं नाही, विशेषतः टी-शर्टच्या. कापड रिंगमधून निसटत असेल तर आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळा, पकड येते.

पैठणीचा ब्लाउजपीस: पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा बाहीवर मोर हवाय. पहिली गोष्ट, आधी भरायचं, मग कापायचं. बाहीचं माप खडूने आखा, पण कापू नका. भरल्यावर कापड थोडं आत येतं, आधी कापलेली बाही मग छोटी पडते.

दुसरं, डिझाइन काठाच्या जरीवर चढवू नका. जरीचा काठ जाड, बाजूचं रेशीम पातळ, दोघांची ओढ वेगळी. दोन्हींवर एकच भराव आला की सांध्यावर गोळा होतं. काठाच्या अलीकडे थांबलेलं चांगलं. आणि भरीव मोरापेक्षा रेघांचा, मोकळा मोर निवडा. गिऱ्हाइकाला तसं समजावून सांगा, बहुतेक ऐकतात.

तिसरं, रेशीम रिंगमध्ये दाबू नका, वळ पडतात. फक्त मऊ, पातळ, कापून काढायचा कागद रिंगमध्ये ताठ बसवा. त्यावर रेशीम सपाट ठेवा आणि आखलेल्या मापाच्या बाहेर, जिथून पुढे कापलं जाणार आहे तिथे, हाताने कच्चा टाका घाला. टाचण्या नकोत, सुई आपटली तर सुई मोडते. विरघळणारा कागद इथे नाही, कारण हे कापड आपल्याला भिजवायचंच नाही. फाडायचाही नाही, कारण फाडताना बसणारा झटका रेशमावरच्या टाक्यांना बसतो. मागे राहिलेला पातळ कागद ब्लाउजच्या अस्तरात झाकला जातो.

चौथं, सुई नवी. पातळ रेशमाला ६५ किंवा ७० नंबरची, टोकदार. हा नंबर म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ७५ ची सुई म्हणजे पाऊण मिलिमीटर. बोथट सुई रेशमाचे धागे ओढून काढते. आणि वेग कमी ठेवा.

टी-शर्टला नेमकं वेगळं: गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई. ती फासे तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. मागे कापून काढायचा कागद, आणि डिझाइनचा मधला भाग आधी, कडा नंतर, म्हणजे ढिलेपणा बाहेरच्या बाजूला सरकत जातो.

लाइट गेली तर?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. काम अर्धवट असताना लाइट गेली तर कापड रिंगमधून काढायचं नाही. एकदा काढलं की तीच जागा पुन्हा सापडत नाही. बऱ्याच मशीनमध्ये कितव्या टाक्यावर थांबलं ते लक्षात राहतं, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत बघून ठेवा. रेशीम रिंगबाहेर ठेवायचा आणखी एक फायदा इथे कळतो: तासभर लाइट आली नाही तरी वळ पडायची भीती नाही.

आणि सगळ्यात शेवटी जे सगळ्यात आधी करायचं: नमुना. तेच कापड, तोच कागद, तीच सुई, डिझाइनचा एखादा भाग. ब्लाउजपीसच्या कडेची चिंचोळी पट्टी मिळाली तर ती, नाही तर तशाच जाडीचं दुसरं कापड. भरून झालं की रिंगमधून काढा, दहा मिनिटं तसंच पडू द्या, मग बघा. बाजूने चुण्या आहेत तर आधार वाढवा किंवा टाके कमी करा. भराव आणि रेघेत फट आहे तर कापड सरकतंय, कच्चा टाका जवळ जवळ घाला. कापड पुठ्ठ्यासारखं झालंय तर कागद पातळ करा. सुती कापडाचा नमुना एकदा धुऊनही बघा.

एक व्यवहाराची गोष्ट. कागद, नवी सुई आणि नमुन्याचा वेळ हे मजुरीत धरा आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगा. "अमकीकडे स्वस्तात होतं" असं ऐकू येईल. तेव्हा वाद घालू नका. दोन नमुने समोर ठेवा, एक आधार लावून भरलेला, एक तसाच. दोन्ही एकदा धुतलेले. गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. पुढचं तेच बोलतात.

पुढच्या भागात दोरा आणि त्याचा ताण, वरचा आणि बॉबिनचा. तोपर्यंत बांगडीची परीक्षा करून बघा. भेटू.